पाण्याविना जलरंग

पालघर जिल्ह्यातला घोलवड-बोर्डीचा किनारा हल्ली दोनदा पाहायला मिळतो. एकदा तिथे जाऊन, आणि पुन्हा सोमवारी कुणाच्या तरी स्टेटसवर, जलरंगात. शनिवार-रविवार गाठून आलेली मंडळी सुरूच्या बनात फोटो काढतात, परतीच्या गाडीत खिडकीशी बसून ते एखाद्या ॲपमध्ये घालतात आणि पालघर यायच्या आत फोटोचं ‘पेंटिंग’ झालेलं असतं. आभाळ ओघळलेलं, वाळू पाणावलेली, चारी बाजूंनी कागदाची पांढरी पट्टी राखलेली, आणि तीही मुद्दाम थोडी वेडीवाकडी. पाहणारा विचारतो, कोणी काढलं? उत्तर देणारा किंचित अडखळतो. फोटो त्यानंच काढलेला असतो. चित्र कोणी काढलं, हे त्यालाही नीटसं सांगता येत नाही.

नाक मुरडायचं तर फार अक्कल लागत नाही. ‘यंत्रयुगात कलेचं काय होणार’ हा परिसंवाद छायाचित्रण आलं तेव्हा झाला, ऑफसेट छपाई आली तेव्हा झाला, फोटोशॉप आलं तेव्हाही झाला. वक्ते तेवढे बदलले. पण फोटोवरून चित्र करणं हा आपल्याकडचा जुना उद्योग आहे, आणि हे सॉफ्टवेअर नेमकं काय करतं ते पाहायला बसलं की जलरंगाबद्दलच चार गोष्टी नव्यानं कळतात. मी घोलवडचा एक फोटो समोर घेऊन बसलो तो त्यासाठी.

जलरंगातलं चित्र लांबूनही ओळखू येतं ते कशानं? पारदर्शकपणानं, ओघळांनी, असं बहुतेक जण सांगतील. मला विचाराल तर कडेनं. ओल्या रंगाचा फटकारा कोरड्या कागदावर मारला की वाळताना त्याच्या काठाशी एक गडद रेघ धरते. ती कोणी ओढलेली नसते. टेबलावर सांडलेल्या कॉफीच्या थेंबाचं वाळल्यावर कडं उरतं, त्याचं कारण हेच. थेंबाचा काठ जागा सोडत नाही. काठाशी पाणी जास्त वेगानं उडतं, ती तूट भरून काढायला मधलं पाणी बाहेरच्या बाजूला वाहत राहतं आणि जाताना रंगाचे कण सोबत नेतं. शिकागो विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी याचं गणित ‘नेचर’मध्ये मांडलं ते १९९७ साली. चित्रकार ती रेघ त्याआधी कित्येक पिढ्या वापरत होते.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या सिग्राफ या संगणक-चित्रांच्या परिषदेत कॅसिडी कर्टिस, डेव्हिड सेल्सिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर जलरंग घडवण्याची एक पद्धत सादर केली. या क्षेत्रातलं आजही मान देऊन वाचावं असं हे काम आहे, कारण त्यांनी चित्राची नक्कल करण्याऐवजी पाण्याचीच नक्कल केली. कागद म्हणजे डोंगर-दऱ्यांचा नकाशा मानला. त्यावर तीन थर कल्पिले: वर वाहणारं उथळ पाणी, त्याखाली कागदाला चिकटणारे आणि पुन्हा सुटणारे रंगाचे कण, आणि सगळ्यात आत कागदाच्या तंतूंतून झिरपणारी ओल. हे तीन थर एकमेकांत खेळू दिले की कडा आपोआप गडद होतात. कोरड्या ब्रशचे तुटक फटकारे उमटतात. अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये, म्हणजे रंगाच्या पातळ ओल्या थरात, पाण्याचा थेंब पडला की रंग मागे ढकलला जाऊन जो फुलोरा उठतो, तोही उठतो. एका रंगावर दुसरा पारदर्शक थर चढवल्यावर मिळणारी छटा काढायला त्यांनी कुबेल्का आणि मंक या दोघांनी १९३१ साली रंगलेपांसाठी मांडलेलं समीकरण वापरलं. शेवटी एक फोटो घेऊन त्याचे रंगद्रव्यांनुसार थर पाडायचे आणि प्रत्येक थराचे फटकारे संगणकानंच आखायचे, असाही प्रयोग करून दाखवला. त्या काळच्या यंत्रांना अशा एका चित्राला तासन्‌तास लागत.

फोनवर दोन सेकंदांत होतं ते हे नव्हे. बहुतेक ॲप पाणी वाहू देण्याच्या भानगडीत पडत नाहीत. पाणी वाहून, वाळून गेल्यावर कागदावर जे उरतं त्याचाच देखावा ती उभा करतात. आधी फोटोतला बारीकसारीक तपशील पुसून रंगाचे सपाट डाग करायचे, मग डागांच्या कडा शोधून तिथे गडद रेघ द्यायची, मग कागदाचा पोत वरून चढवायचा, आणि शेवटी इथे-तिथे थोडे ओघळ. या कृतीतली पहिली पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि तिची कुळकथा गमतीची आहे. डाग सपाट करायचे, पण कडा मात्र धूसर होऊ द्यायच्या नाहीत, यासाठी जी जुनी युक्ती वापरतात ती कुवाहारा या जपानी संशोधकाच्या नावानं ओळखली जाते. १९७६ साली त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती काढली हृदयाच्या वैद्यकीय प्रतिमा स्वच्छ करण्यासाठी. प्रत्येक बिंदूभोवती चार चौकोन घ्यायचे, त्यांतला ज्याचा रंग सगळ्यात एकसारखा असेल तो निवडायचा आणि त्याची सरासरी त्या बिंदूला द्यायची. हृदयाचे कप्पे नीट दिसावेत म्हणून केलेला हा उपाय फोटोवर चालवला की तो रंगवल्यासारखा दिसतो, हे पुढे इतरांच्या लक्षात आलं.

नव्वदच्या दशकात फोटोशॉपमध्ये ‘वॉटरकलर’ नावाचं बटणच आलं. ते मूळचं अल्डस कंपनीच्या ‘गॅलरी इफेक्ट्स’ संचातलं. अडोबीनं १९९४ साली अल्डस घेतली आणि तो संचही तिच्याकडे आला. त्या बटणाखाली तीनच खिट्ट्या होत्या: ब्रशचा बारकावा, सावलीची तीव्रता आणि पोत. पहिल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्याकडे ज्या लग्नपत्रिका आणि कॅलेंडरं ‘जलरंगात’ निघाली, त्यांतल्या बऱ्याच या तीन खिट्ट्यांच्या कृपेनं. सावल्या काळ्याकुट्ट होत आणि माणसांच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण उठावेत तसे ठिपके येत, पण हौसेला मोल नसतं. पुढे २०१३ च्या अखेरीस आयफोनवर ‘वॉटरलॉग’ आलं आणि गोष्ट एकदम सुधारली. त्यात चित्र होताना दिसायचं. आधी पेन्सिलीचं रेखाटन, मग फिका वॉश, मग गडद. खरं म्हणजे हा निव्वळ अभिनय होता. पण या अभिनयामागचा माणूस जलरंग समजून होता, कारण त्यानं कागदाचा पांढरा भाग राखायचं ठरवलं होतं.

आता घोलवडचा फोटो.

ओहोटीची वेळ. इथला समुद्र उथळ आहे. ओहोटीला पाणी इतकं आत जातं की समुद्र बघायला आलेल्याला आधी चिखलाचं मैदानच दिसतं. फोटोत वरचा अर्धा भाग आभाळ, पश्चिमेला उतरलेला सूर्य, उजवीकडून आत घुसलेली सुरूची रांग. मध्ये ओली, चमकणारी वाळू. आणि दूर, पाण्याच्या रेषेच्या जरा अलीकडे, काहीतरी वेचून डोक्यावर टोपल्या घेऊन परतणाऱ्या चार बायका. फोटोत त्या बोटाच्या पेराएवढ्याही नाहीत. पण तो फोटो काढला होता तो त्यांच्यासाठीच.

ॲपमध्ये घातल्यावर आभाळ झकास आलं. मऊ, एकातून दुसऱ्यात मिसळणारे रंग जिथे असतात तिथे ही सॉफ्टवेअर हुकमी चालतात. ओल्या वाळूवरचं प्रतिबिंबही उतरलं. सुरूची रांग बघून मात्र थबकलो. सुरूच्या सुया म्हणजे बारीक तपशिलाचं आगर. ॲपला तिथे कडाच कडा सापडल्या, त्यामुळे त्यानं सगळी मेहनत तिथे ओतली. शेकडो छोटे डाग, प्रत्येकाला आपापली गडद किनार. आणि चार बायका गेल्या. त्या इतक्या लहान होत्या की सरासरीत वाळूनं त्यांना गिळलं. एकीच्या जागी तपकिरी ठिपका उरला, बाकीच्या तिघींचं काहीच नाही.

जलरंगात काम करणारा कोणीही याच्या बरोबर उलट वागला असता. सुरूच्या रांगेला त्यानं एक ओला वॉश दिला असता, त्यात वरून थोडा गडद हिरवा सोडला असता आणि पुढे गेला असता. बायका मात्र शेवटी, कोरड्या कागदावर, भरल्या ब्रशच्या टोकानं: एक उभा फटकारा, वर एक आडवा, झाली टोपली. बघणाऱ्याची नजर थेट तिथे गेली असती. म्हणजे फरक कौशल्यापेक्षा क्रमात आहे. फोटोत सगळं आधीच हजर असतं आणि सॉफ्टवेअर त्यातून वजा करत जातं, तेही सगळीकडून सारखं. चित्रकारापुढे कोरा कागद असतो आणि त्यात काय घालायचं नाही हे त्याला पहिल्या वॉशच्या आधी ठरवावं लागतं. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग नसतो. कागद हाच पांढरा. जिथे उजेड हवा ती जागा सुरुवातीलाच सोडावी लागते. एकदा रंग गेला की तो उजेड परत मिळत नाही. तैलरंगात चूक झाकता येते. जलरंगात ती खरवडून काढायला गेलं की रंग मळतात.

आपल्याकडे हे शिकवलं जातं ते थेट शाळेत. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षांना बसलेल्या कुणालाही वस्तुचित्रातला तांब्या आठवत असेल. त्यावरची चकाकी सोडायची, म्हणून सर पाठीमागून ओरडायचे, आणि आपण ती भरून टाकायचो. त्या परीक्षांचे रंग बहुतेकांच्या घरी ‘कॅमल’चे असायचे. दि. प. दांडेकरांनी १९३१ साली सुरू केलेल्या त्या व्यवसायाची पुढे कॅमलिन ही कंपनी झाली आणि तिचा एक कारखाना याच पालघर जिल्ह्यात, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आला. त्या परीक्षांमधला एक पेपर मला आज फार शहाणपणाचा वाटतो: स्मरणचित्र. समोर काहीच नाही. बाजार, एसटी स्टँड, जत्रा असं काहीतरी डोक्यातून काढायचं. ज्याला जे आठवतं तेवढंच कागदावर येतं, आणि आठवत नाही ते आपोआप गळतं. गाळण्याचं हे काम कुठल्याही फिल्टरला अजून येत नाही. कारण फोटोला विसरणं माहीत नाही.

मघाशी म्हटलं की फोटोवरून चित्र हा जुना उद्योग आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्याशी जोडलेले होते आणि त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी स्वतः फोटो काढत. फोटो काळा-करडा आणि गिऱ्हाईक रंगांना सरावलेलं, त्यामुळे थोड्याच काळात फोटोवर हातानं रंग भरणारे तयार झाले. कुठे जलरंग, कुठे काचेवर चढवायचे पातळ रंग, कुठे तर फोटो दिसेनासा होईल इतका जाड तैलरंग. राजा रविवर्मा तर चित्रांसाठी फोटोंचा आधार घेत, आणि त्यांच्या चित्रांच्या ओलिओग्राफ नावाच्या रंगीत प्रती छापण्यासाठी १८९४ साली मुंबईत काढलेला छापखाना पुढे मळवलीला गेला. तिथल्या कारागिरांचं काम काय, तर एका चित्राचे रंगांनुसार थर पाडून प्रत्येक थर छपाईच्या वेगळ्या दगडावर ठिपक्या-ठिपक्यांनी उतरवणं. कर्टिस मंडळींनी संगणकाला हेच सांगितलं होतं.

अनेक मराठी घरांत आजीचा किंवा पणजीचा असा एक रंगवलेला फोटो भिंतीवर असतो. गाल गुलाबी, कुंकू ठसठशीत, साडीचे काठ हिरवे. या फोटोंबद्दल एक गोष्ट क्वचित बोलली जाते. काठ हिरवे होते की निळे, हे रंग भरणाऱ्याला फोटोत दिसत नसे. त्यानं ते विचारलेलं असे. स्टुडिओच्या बाकावर बसून घरातल्या कोणीतरी सांगितलेलं असे, शालू जांभळा होता, नथ मोत्याची होती, डाव्या हातात पाटल्या होत्या. त्या रंगांत थोडी कारागिरी होती आणि बरीचशी घरच्यांची आठवण. आजचं सॉफ्टवेअर जुन्या फोटोत रंग भरतं तेव्हा कुणालाच काही विचारत नाही. लाखो फोटो पाहून ते ठरवतं की अशा साडीचा रंग बहुतेक वेळा अमुक असतो. त्या ‘बहुतेक’मध्ये तुमची पणजी बसेलच असं नाही.

दिवाळीचा अंक आहे, म्हणून दिव्याचं एक उदाहरण. सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हातातल्या दिव्याच्या ज्योतीपुढे तळवा आडवा धरून उभी असलेली बाई. सावंतवाडीचे हळदणकर, मॉडेल त्यांची स्वतःची मुलगी, आणि ती तशी उभी राहिलेली दिसली तीही दिवाळीतच, असं सांगतात. हे चित्र रविवर्म्याचं समजणारे आजही पुष्कळ भेटतात. मुख्य म्हणजे ते जलरंगात आहे, आणि चित्राचा सगळा जीव बोटांत आहे. ज्योत बोटांच्या मागे आहे, म्हणून बोटं आतून लाल दिसतात. हाडांशी गडद, कडेला पेटलेली.

आता हाच प्रसंग फोनवर टिपा. ज्योतीभोवतीचा भाग कॅमेऱ्याला झेपत नाही, तिथे सपाट पांढरा पडतो. बोटं नारिंगी होतात. मागच्या अंधारात कॅमेरा उजेड शोधत राहतो, त्यामुळे रंगीत दाणे उठतात. हा फोटो जलरंगी फिल्टरमध्ये घातला की तो बिचारा काय करणार? पांढऱ्या भागाला तो राखलेला कागद समजतो, अंधारातल्या दाण्यांना रंगद्रव्याचे कण समजतो. अल्ट्रामरीन निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसून जो रवाळ पोत येतो, तसा पोत तो कॅमेऱ्याच्या दोषातून बनवतो. दिसतं छान, हे कबूल. पण बोटांचा लाल रंग पातळ थरावर पातळ थर चढवून, प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबून मिळतो. तो थांबण्याचा वेळ फोटोत कुठेच नसतो.

गेल्या दहा वर्षांत यंत्राची चाल बदलली. २०१५ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठातल्या गॅटिस, एकर आणि बेथगे या तिघांनी एक शोधनिबंध मांडला. वस्तू ओळखायला शिकवलेल्या संगणकीय जाळ्याच्या आतल्या थरांत ‘काय कुठे आहे’ ही माहिती एका रूपात असते आणि ‘ते कशा पोताचं आहे’ ही दुसऱ्या रूपात, म्हणून दोन्ही वेगळी करून एका फोटोचा आशय आणि दुसऱ्या चित्राची शैली एकत्र आणता येते, हा त्याचा गाभा. पुढच्याच वर्षी ‘प्रिझ्मा’ ॲप आलं आणि घराघरांतले फोटो व्हॅन गॉगच्या वळणानं गिरक्या घेऊ लागले. यात शैली म्हणजे आकडेवारी. कोणत्या रेषा कोणत्या रंगांबरोबर किती वेळा येतात याचा ताळेबंद, आणि त्यात जागेचा हिशेब नसतो. त्यामुळे पाण्याचा फुलोरा आभाळात यायचा तो कपाळावरही येतो. पाणी साचलं म्हणून तो आला पाहिजे, हे कारण त्या आकड्यांत नाही.

त्यानंतरची यंत्रं तर फोटो घेऊन नव्यानंच चित्र रचतात. २०२५ च्या मार्चअखेरीस जपानी ॲनिमेशनच्या वळणाच्या चित्रांची जी लाट आली, तिनं आपल्या कुठल्याही कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपला सोडलं नाही. ही यंत्रं जलरंगही देतात, आणि कागदाचा पोत, कडा, ओघळ सगळं जुन्या ॲपपेक्षा सरस. चार बायका यांनी गिळल्या नाहीत. उलट नीट काढल्या, पण सहावारी पदर उडवणाऱ्या, गोऱ्या आणि सडपातळ. घोलवडच्याच एका चिकूवाडीचा फोटो दिला तर झाडांवर चक्क संत्री लागली. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण यंत्राच्या पोतडीत चिकू कमी आणि संत्री जास्त असावीत. चिकूचा रंग खरं म्हणजे जलरंगवाल्याची परीक्षा आहे. मातकट, वरून भुरभुरीत, आणि तरी आतून ऊब असलेला तपकिरी. बर्न्ट सिएना नुसता लावला तर विटकर होतो, निळा जास्त पडला तर माती होतो.

आता ज्या मुलखात आपण उभे आहोत तिथल्या चित्रांबद्दल. डहाणू-तलासरी हा वारल्यांचा मुलूख. लग्नघरात गेरूनं सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठानं, बांबूच्या काडीनं चौक लिहितात. मधोमध पालघट देवी, बाजूला घोड्यावर पंचशिऱ्या देव, भोवती झाडं, नाच, जनावरं, आणि लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी चालू. १९७० नंतर चित्रकार भास्कर कुलकर्णींसारख्यांच्या प्रयत्नांनी ही चित्रं कागदावर आली. तलासरी तालुक्यात जन्मलेल्या आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडला राहिलेल्या जिव्या सोमा म्हशे यांनी ती जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र पाहावं. कागद व्यापणारं जाळं, बारीक-बारीक रेघांनी विणलेलं, आणि त्या रेघा कुठेही यांत्रिक वाटत नाहीत. जाळं हलतंय असंच वाटत राहतं.

‘फोटो टू वारली’ असंही बटण आता मिळतं. जुन्या पद्धतीचं ॲप काय करतं, तर फोटोतल्या कडा पांढऱ्या करून तपकिरी जमिनीवर ठेवतं. दिसतं ते एक्स-रेसारखं. नवं यंत्र दोन त्रिकोणांची माणसं काढतं खरी, पण काहीही द्या, थोड्या वेळात ती माणसं तारपा हे वाद्य वाजवणाऱ्याभोवती गोल फिरायला लागतात. कारण त्यानं पाहिलेली वारली चित्रं म्हणजे हॉटेलांच्या भिंती, कुर्ते आणि चहाचे कप, आणि तिथे तारपानाच सोडून दुसरं काही फारसं नसतं. जलरंगी फिल्टर निदान काही अंशी जमतो, त्याचं कारण निसर्गचित्राची जलरंगातली परंपरा आणि कॅमेरा दोघंही एकाच जागी उभं राहून बघतात. क्षितिज, जवळचं मोठं, लांबचं लहान, उजेड एका बाजूनं. वारली चौकात उभं राहायला अशी जागाच नाही. झाड मुळापासून शेंड्यापर्यंत पूर्ण, घर आतूनही आणि बाहेरूनही, देवी समोरून, घोडा बाजूनं. लांब असलेलं माणूस लहान होत नाही. फोटोतून ते चित्र निघूच शकत नाही, कारण ते डोळ्यांपासून सुरू होत नाही. लग्नात कोण-कोण हजर असायला हवं, इथून ते सुरू होतं.

वारली चित्रांना २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनानं नावाला संरक्षण मिळतं, दोन त्रिकोणांना मिळत नाही. घोलवड-बोर्डीच्या पट्ट्यात घरगुती मुक्कामाच्या सोयी वाढत आहेत आणि प्रत्येकाला भिंतीवर काहीतरी हवं असतं. माझं साधं मत असं: जलरंगी प्रिंट लावायची तर खुशाल लावा, ती कुणाचं पोट मारत नाही. वारली हवं असेल तर पाड्यावरच्या चित्रकाराला बोलवा. तो तुमची वाडी, तुमचा कुत्रा आणि स्टेशनावर येणारी मेमूसुद्धा काढून देईल, आणि त्यात तारपा नसेल तर नसेल.

एक काळजी मात्र सर्वांनी घ्यावी. रूपांतर करताना मूळ फोटो पुसू नका. पुढे तोच या किनाऱ्याची नोंद ठरेल. १९९१ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेमुळे डहाणू तालुक्यातली बरीच हिरवाई टिकली. आता त्याच तालुक्यातल्या वाढवणच्या नियोजित बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झालं आहे, आणि हा किनारा पुढच्या पंचवीस वर्षांत कसा दिसेल यावर इथे घराघरांत वाद आहेत. तेव्हा आजच्या फोटोतला होडीवरचा नंबर, कुंपणाची तार, दुकानाची पाटी यांनाच किंमत येईल. जलरंगी फिल्टर नेमकं तेच आधी पुसतो.

आणि एक उपयोग, ज्याबद्दल चित्रकार सहसा बोलत नाहीत पण करतात सगळे. फोटो सॉफ्टवेअरमध्ये घालायचा, रंग काढून टाकायचे आणि त्याचे फक्त तीन टोन करायचे: उजळ, मधला, गडद. पुण्याच्या मिलिंद मुळीकांसारख्या जलरंगकारांनी शिकवण्यासाठी लिहिलेली पुस्तकं चाळली तर टोनचा हा आग्रह पानोपानी दिसेल. रंग चुकला तर चित्र चालून जातं, टोन चुकला तर बसतं. घोलवडच्या फोटोचे असे तीन टोन केल्यावर सुरूची सगळी रांग एका सपाट आकारात आली. आभाळ आणि वाळू एकच झाली, म्हणजे तिथे कागद जवळजवळ कोराच ठेवता येईल हे कळलं. चार बायका गडद टोनमध्ये ठळक उरल्या. इथे यंत्राचं काम संपलं. फोन बाजूला ठेवून कागद टेपनं पाटीवर ताणला, सूर्याची आणि पाण्याच्या रेषेची जागा सोडून पहिला वॉश दिला.

टोपल्यांत काय होतं ते फोटोत दिसत नाही. शिंपल्या असतील तर वरून ओला करडा चमकेल, सरपण असेल तर कोरड्या ब्रशनं काम भागेल. रंग भरण्याआधी ते विचारून यायला हवं. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कोष्टक बघून संध्याकाळची ओहोटी सापडेल अशी तारीख काढली आहे.